छंदांचे व्हिडिओ: ध्वनिसंयोजन, गिटारची निगा आणि भटकंती, पण आपल्या नागपूरच्या हवेतले

धागाकर्ता: सूरपारंबी

नमस्कार मंडळी,

आपल्यापैकी काही जण कार्यक्रमांचे ध्वनिसंयोजन करतात, काही जण गिटार वाजवतात, आणि रविवार मोकळा मिळाला की रामटेक, खिंडसी किंवा पेंचच्या बाजूला निघणारेही इथे कमी नाहीत. अनेकदा ही तिन्ही कामे करणारा माणूस एकच असतो. या छंदांचे स्वतः केलेले व्हिडिओ एका ठिकाणी जमावेत आणि त्यांवर नीट चर्चा व्हावी, यासाठी हा धागा काढत आहे.

माझी विनंती एकच आहे. व्हिडिओ कोणत्या हवेत केला, ते त्यात स्पष्ट सांगावे. महिना कोणता होता, दिवसाची वेळ कोणती होती, तापमान आणि आर्द्रता किती होती, सभागृह बंद होते की मैदान उघडे होते, ही माहिती सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात आली, तर पाहणाऱ्याला सल्ला आपल्या परिस्थितीशी ताडून घेता येतो. ती नसेल, तर चांगला सल्लाही चुकीच्या जागी लावला जातो.

गिटारचेच उदाहरण घ्या. तिच्या निगेबद्दल इंटरनेटवर जे सापडते, त्यातले बहुतेक थंड देशांत चित्रित झालेले असते. तिथे हिवाळ्यात घरे तापवावी लागतात, त्यामुळे घरातली हवा कोरडी होते आणि गिटारला ओलावा देण्याचा मोसम डिसेंबर-जानेवारी ठरतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि जुलै ते सप्टेंबर तीच ८० टक्क्यांच्या पुढे जाते. गिटार बनवणाऱ्यांच्या मते लाकडाला सर्वांत मानवणारी आर्द्रता सुमारे ४५ ते ५५ टक्के असते. म्हणजे आपले वाद्य वर्षात दोनदा, आणि दोन विरुद्ध दिशांनी, त्या पट्ट्याबाहेर जाते. तिकडचे वेळापत्रक जसेच्या तसे पाळणारा माणूस ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, गिटार भिंतीवर उघडी टांगून ठेवतो आणि डिसेंबरात, गरज नसताना, तिच्या पोटात ओला स्पंज घालतो.

त्यातही आपल्या घरांतला फरक कुठल्याच बाहेरच्या व्हिडिओत सापडत नाही, तो म्हणजे कूलरचा. एकाच वाड्यात पुढच्या खोलीत कूलर आणि मागच्या खोलीत एसी असेल, तर मे महिन्यात त्या दोन खोल्यांची हवा वेगवेगळ्या गावांची असावी इतकी निराळी असते. कूलर पाण्याने भिजलेल्या ताट्यांमधून हवा ओढतो, म्हणून खोलीत ओलावा वाढतो, तर एसी हवेतले पाणी काढून टाकतो. कूलरच्या झोताच्या थेट समोर ठेवलेली गिटार भर उन्हाळ्यात फुगते, वरची फळी वर येते आणि तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपासून, उंच जातात. एसीच्या खोलीतली तशीच गिटार आक्रसते. बोट फ्रेटबोर्डच्या कडेने फिरवले, की फ्रेटची टोके टोचू लागतात, कारण लाकूड आडवे आकसते, पण फ्रेटची धातूची पट्टी आहे तेवढीच राहते. ही दोन दृश्ये शेजारी शेजारी दाखवणारा मराठी व्हिडिओ मला अजून सापडलेला नाही. इथल्या कोणी तो केला, तर फार मोठे काम होईल.

ध्वनिसंयोजनाचेही तेच आहे. आपले अर्धे कार्यक्रम लॉनवर आणि मैदानावर होतात, आणि ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो. ४० अंशांना तो सेकंदाला सुमारे ३५५ मीटर असतो, तर १२ अंशांना सुमारे ३३९ मीटर. मैदानाच्या मध्यावर, मंचापासून ३० मीटरवर, दुसरे ध्वनिक्षेपक लावले असतील, तर त्यांना द्यायचा विलंब (मंचावरचा आवाज तिथे पोहोचेपर्यंत त्यांचा आवाज जितका थांबवायचा तो) पहिल्या हवेत सुमारे ८४ मिलिसेकंद येतो आणि दुसऱ्या हवेत सुमारे ८९. मेच्या दुपारी जुळवलेला आकडा डिसेंबरच्या रात्रीच्या कार्यक्रमाला तसाच वापरणे म्हणजे ते ध्वनिक्षेपक दीड मीटर सरकवून ठेवण्यासारखे आहे. मागच्या रांगांना शब्द अस्पष्ट का ऐकू आले, याचे एक कारण तिथेही असू शकते.

भटकंतीच्या व्हिडिओंबद्दल जाणकारांनीच लिहावे. मी एवढेच म्हणेन, की वाट दाखवताना ऋतू सांगितला नाही, तर ती माहिती धोक्याची ठरते. फेब्रुवारीत पळस फुललेला असताना दुपारी बाराला रमतगमत केलेली चढाई पाहून कोणी मेमध्ये त्याच वेळेला निघाला, तर उष्माघात दूर नाही.

आपापले व्हिडिओ आणि मते येऊ द्या.

---

प्रतिसाद: तारेवरची

धागा अगदी गरजेचा आहे. मी गिटार दुरुस्तीचे काम करते, म्हणून त्याच बाजूने लिहिते.

कोणताही उपाय करण्याआधी गिटार कोरडी पडली आहे की ओली झाली आहे, हे ठरवावे लागते, आणि ते घरच्या घरी करता येते. एक सरळ पोलादी पट्टी घ्या आणि ब्रिजच्या (पेटीवर तारा जिथे अडकवतात त्या पट्टीच्या) मागे, वरच्या फळीवर, आडवी ठेवा. निरोगी गिटारची फळी मध्यावर किंचित फुगीर असते, त्यामुळे पट्टी मध्यावर टेकते आणि दोन्ही टोकांना बारीक फट दिसते. फट टोकांना न दिसता मधोमध दिसली, तर फळी खचली आहे, म्हणजे लाकडाने पाणी गमावले आहे. अशा गिटारच्या तारा खाली येतात आणि फ्रेटना लागून खरखरतात. पट्टी मध्यावर टेकून जास्तच डोलत असेल आणि तारा दाबायला जड जात असतील, तर लाकडाने पाणी घेतले आहे. व्हिडिओ करणाऱ्यांनी ही चाचणी खिडकीकडे तोंड करून, मागून प्रकाश येईल अशी चित्रित करावी. समोरून दिवा मारला की ती फट दिसतच नाही.

लक्षण दिसताच अनेक जण पान्याने ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक ठरवणारी आतली सळई, फिरवायला जातात. तसे करू नये. आधी आर्द्रता ताळ्यावर आणावी, आठ-पंधरा दिवस थांबावे आणि मग पाहावे. बऱ्याच गिटारींना पुढे काही करावेच लागत नाही. तरीही गरज पडलीच, तर पहिला फ्रेट आणि मान जिथे पेटीला मिळते तिथला फ्रेट असे दोन्ही एकाच वेळी दाबून धरावेत आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतले अंतर पाहावे. ते साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर असावे. रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये.

दुसरा मोठा शत्रू म्हणजे उन्हात उभी केलेली बंद गाडी. मेमध्ये आपल्याकडे गाडीच्या आत ६० अंशांच्या वर तापमान सहज जाते, आणि वाद्यात वापरलेला सरस त्या उष्णतेत मऊ पडू लागतो. तारा ताणलेल्याच असतात, त्यामुळे ब्रिज मागच्या बाजूने उचलला जातो. साध्या वहीच्या कागदाची कड ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून पाहा. कागद आत शिरला, तर ब्रिज सुटायला लागला आहे. तारा ताबडतोब सैल करा आणि कारागिराला दाखवा. या अवस्थेत दुरुस्ती सोपी असते, पुढे ढकलली की फळीच्या लाकडाचे तंतूही उखडतात.

तेलाबद्दल इथे वारंवार विचारणा होते. फ्रेटबोर्ड रोजवूडचा किंवा एबनीचा असेल, तर त्यासाठी मिळणारे तेल वर्षातून एक-दोनदा, अगदी थोडे, कापडावर घेऊन लावावे आणि लगेच पुसून टाकावे. मेपलच्या, वर वॉर्निश असलेल्या फ्रेटबोर्डला तेल लावू नये. खोबरेल आणि गोडे तेल तर कुठल्याच लाकडाला नको, कारण ते कालांतराने खवट आणि चिकट होते.

सर्वच गिटारींना इतकी काळजी लागते असे मात्र नाही. ज्यांची वरची फळी प्लायची असते, त्या सीताबर्डीतून शिकाऊ मुलांसाठी घेतलेल्या बहुतेक गिटारी, हवेचा फरक पुष्कळ सोसतात. अखंड लाकडाची फळी असेल, तरच वरचे सगळे काटेकोरपणे पाळा.

---

प्रतिसाद: खर्जाचा माणूस

ताईंचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी लग्नाचे ऑर्केस्ट्रा, भजनसंध्या आणि महाविद्यालयीन स्नेहसंमेलने यांचे मिक्सिंग करतो, त्यामुळे व्हिडिओंच्या या प्रकाराबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

नवख्यांना सर्वांत उपयोगी पडेल असा व्हिडिओ म्हणजे माईकची शिट्टी कशी शोधावी आणि कशी घालवावी याचा. मी तो असा करतो. कार्यक्रमापूर्वी, मंचावर सगळे माईक जागेवर आणि चालू असताना, गायकाच्या मॉनिटरचा (त्याला स्वतःचे गाणे ऐकू यावे म्हणून मंचावर ठेवलेल्या ध्वनिक्षेपकाचा) आवाज हळूहळू वाढवत न्यायचा. एका क्षणी एखादा सूर लांबट घुमू लागतो. तिथेच थांबायचे, ३१ पट्ट्यांच्या ईक्यूवर (आवाजाचे उंच-खालचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) तो सूर कोणत्या पट्टीत आहे ते ओळखायचे आणि ती पट्टी तीन डेसिबलने खाली ओढायची. मग पुन्हा वाढवायचे. दुसरा सूर घुमतो, त्याचीही पट्टी कमी करायची. चार-पाच पट्ट्यांवर थांबावे, कारण त्यापुढे शिट्टी जाते, पण त्यासोबत गळ्याचा पोतही जातो. व्हिडिओत कॅमेरा मिक्सरच्या अगदी जवळ हवा, म्हणजे घुमणारा सूर ऐकू येतो त्याच क्षणी बोट कोणत्या पट्टीवर गेले ते दिसते. दुरून घेतलेल्या चित्रणातून हे शिकता येत नाही.

त्याआधी मॉनिटरची जागा मात्र बरोबर हवी. १९६६ पासून वापरात असलेला शुअरचा एसएम ५८ हा कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा, माईक आहे. तो बरोबर पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर त्याच्या थेट पाठीशी ठेवायचा. समोरचा आणखी अरुंद भाग ऐकणाऱ्या सुपरकार्डिऑइड माईकचा बहिरा भाग मागे दोन्ही बाजूंना, सुमारे १२५ अंशांवर असतो. तिथे मॉनिटर पाठीशी न ठेवता तिरपे ठेवावे लागतात. आणि गायकाने जाळी मुठीत धरली, की माईक दिशा ओळखणेच सोडून देतो. नवीन गायकांना हे कार्यक्रमाआधी, एकट्याला बाजूला घेऊन, प्रेमाने सांगावे.

गिटार आणि ध्वनी हे दोन विषय जिथे मिळतात, तिथेही एक व्हिडिओ हवा आहे. पिकअप (तारांचा कंप विजेच्या संकेतात बदलणारा भाग) असलेली अकूस्टिक गिटार मोठ्या आवाजात घुमते, ती बहुधा १०० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यात, कारण पेटीतली हवाच तिथे कंप पावू लागते. पेटीवरच्या गोल भोकाला रबरी झाकण लावणे, डीआय बॉक्सवरचा (गिटार मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचा) ध्वनिलहर उलटी करणारा फेजचा खटका उलटून पाहणे आणि तो पट्टा थोडा कमी करणे, या क्रमाने गेल्यास बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

धागाकर्त्यांनी मांडलेल्या हवेच्या मुद्द्यात एक भर घालतो. दुपारी जमीन तापलेली असते, त्यामुळे ध्वनी वर वळतो आणि दूरपर्यंत जात नाही. सूर्य मावळल्यावर जमिनीलगतची हवा आधी थंड होते, वरची उबदार राहते आणि ध्वनी खाली वळून लांबच्या वस्तीपर्यंत पोहोचतो. दुपारच्या चाचणीत शेजारच्या ले-आऊटमध्ये काहीच ऐकू आले नाही, म्हणून रात्रीही येणार नाही, असे समजू नये. निवासी भागासाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकांना बंदी आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. ही माहिती प्रत्येक मैदानी व्हिडिओत यावी, असे मला मनापासून वाटते, कारण शेवटी लोकांचा राग ध्वनीवाल्यावरच निघतो.

---

प्रतिसाद: नवा श्रोता

सर्वांचे आभार. मी कॉलेजच्या बँडचे व्हिडिओ मोबाइलवर करतो. दोन अडचणी आहेत. मिक्सरमधून थेट घेतलेला आवाज चित्राशी जुळत नाही, शिवाय त्यात गाणे मोठे आणि ड्रम जवळजवळ गायब असतात. दुसरे म्हणजे मंचावरचे दिवे चित्रात लपलपतात. यावर काही उपाय आहे का?

---

प्रतिसाद: खर्जाचा माणूस

दोन्हींवर आहे. लहान सभागृहात ड्रम मुळातच मोठे वाजतात, म्हणून ते मिक्सरवर कमी घेतलेले असतात. मिक्सरचा आवाज म्हणजे सभागृहाला जे कमी पडत होते तेवढेच. त्यामुळे श्रोत्यांमध्ये दोन माईक किंवा एक साधा रेकॉर्डर ठेवून तो आवाज वेगळा नोंदवा आणि नंतर दोन्ही मिसळा. नोंदणी ४८ किलोहर्ट्झवर करा, व्हिडिओचे मानक तेच आहे.

जुळणीचे कारण अंतर आहे. तुमचा मोबाइल मंचापासून २० मीटरवर असेल, तर त्याच्यापर्यंत आवाज पोहोचायला सुमारे ५७ मिलिसेकंद लागतात, तर मिक्सरची तार तो तत्काळ देते. सेकंदाला २५ चित्रे घेत असाल, तर हा फरक जवळजवळ दीड चित्राचा होतो. सुरुवातीला मंचावर एकदा टाळी वाजवून घ्या, संपादनात तिचा टोकदार उंचवटा दोन्ही नोंदींत सहज दिसतो.

लपलपीचे उत्तर आपल्या विजेत आहे. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा आहे, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. अनेक ॲप मुळात ६० हर्ट्झच्या देशांसाठी १/६० वर लावलेली असतात. काही एलईडी दिव्यांची लपलप एवढ्याने जात नाही, ती दिव्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटवर (ड्रायव्हरवर) अवलंबून असते.

---

प्रतिसाद: पळसवाट

भटकंतीबद्दल लिहायला सांगितले आहे, म्हणून लिहिते.

आपल्याकडे बाहेर चित्रण करताना पहिली हार मानतो तो मोबाइल. बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. मार्चच्या अखेरीपासून दहानंतर उन्हात सलग चित्रण केले, की पडदा मंद होतो आणि मग ॲप बंद पडते. मी उन्हाळ्यात झुंजूमुंजू झाल्याबरोबर चित्रण सुरू करते आणि नऊच्या आत आटोपते. फोन पांढऱ्या सुती दुपट्ट्याच्या सावलीत धरते, जाड कव्हर काढून ठेवते आणि चार्जिंग करत चित्रण करत नाही. तापलेला फोन थंड पाण्याच्या बाटलीला लावू नये, आत दव धरते.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. रामटेकच्या गडावर आणि खिंडसीच्या काठावर बोललेले शब्द फडफडीत बुडून जातात. कॉलरचा छोटा माईक ओढणीच्या आत, कापडाच्या एका पदराखाली लावला आणि वाऱ्याकडे पाठ केली, तर माईकवर घालायच्या केसाळ टोपीशिवायही काम भागते. उरलेली घरघर संपादनात ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून काढता येते. गडावर माकडे पुष्कळ आहेत, त्यामुळे खाण्याची पिशवी हातात धरून चित्रण करू नये.

पावसाळ्याबद्दल मात्र मला आग्रहाने सांगायचे आहे. विदर्भात पावसाच्या तोंडावर आणि पावसात विजा पडून माणसे आणि गुरे दरवर्षी दगावतात, आणि वीज चमकते तेव्हा उघड्या टेकडीवर कॅमेऱ्याचा स्टँड उभा करण्याचा मोह अनेकांना होतो. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जवळ आहे. लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली थांबू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने केलेले ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते. जंगलात रेंज नसते, म्हणून निघण्यापूर्वीच ते पाहून घ्यावे.

पेंच, ताडोबा आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला इथल्या सफारीत गाडीतून उतरता येत नाही, मोबाइलवरही निर्बंध आहेत, तिथले नियम प्रवेशद्वारावर विचारूनच कॅमेरा काढावा. ड्रोनचा विचार असेल, तर आधी ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा. आपला विमानतळ शहराला इतका लागून आहे, की नागपूरचा बराच भाग बंधनांत येतो. जंगलावरून तर परवानगीशिवाय उडवूच नये. आणि घुबडाचे किंवा गरुडाचे घरटे सापडले, तर व्हिडिओ टाकताना ठिकाणाची नोंद काढून टाकावी. आठवड्याभरात तिथे माणसांची रांग लागते आणि पक्षी घरटे सोडून जातो.

---

प्रतिसाद: सूरपारंबी

पळसवाट ताई, विजांचा परिच्छेद मी वेगळा करून धाग्याच्या वर लावत आहे.

एक मुद्दा माझ्याकडून राहिला होता. व्हिडिओत आर्द्रता सांगायची, तर आर्द्रतामापक खरा हवा, आणि स्वस्तातले डिजिटल मापक बरेचदा चुकीचे आकडे दाखवतात. ते घरी तपासता येते. बाटलीच्या झाकणात साधे मीठ भरा, त्यावर पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखा लगदा करा. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या डब्यात शेजारी शेजारी ठेवा, मापकाला मीठ लागू देऊ नका, आणि डबा रात्रभर सावलीत असू द्या. संपृक्त मिठाच्या द्रावणावरची हवा ७५ टक्के आर्द्रतेला स्थिरावते. सकाळी डबा उघडण्यापूर्वी, बाहेरूनच, आकडा वाचा.

---

प्रतिसाद: नवा श्रोता

रात्रीच करून पाहिले. माझा मापक ६९ दाखवतो. नवीन घ्यावा लागेल का? गिटार अखंड लाकडाच्या फळीची आहे आणि खोलीत कूलर आहे.

---

प्रतिसाद: तारेवरची

नवीन घेण्याची गरज नाही. मापक सहाने कमी दाखवतो, एवढेच. त्याच्या पाठीवर चिकटपट्टी लावून ‘+६’ लिहून ठेवा आणि प्रत्येक आकड्यात तेवढे मिळवा. मिठाची चाचणी पावसाळ्याच्या सुरुवातीला पुन्हा करा, कारण हा फरक काळानुसार सरकतो.

गिटार कूलरच्या झोतापासून बाजूच्या भिंतीला, केसमध्ये ठेवा आणि मापक केसच्या आत, खुंट्यांच्या बाजूला असू द्या. दुपारी कूलर चालू असताना आणि पहाटे बंद असताना, अशा दोन वेळांचे आकडे आठवडाभर लिहून इथे टाका. दोन्ही ४० ते ६० च्या मध्ये राहत असतील, तर काहीच करू नका. पहाटेचा आकडा त्याखाली जात असेल, तर भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळून घेतलेला स्पंज घालून ती केसमध्ये मानेखाली ठेवा. स्पंजातून पाणी ठिबकता कामा नये आणि डबी लाकडाला टेकता कामा नये. आकडे आले, की पुढचे सांगते.